प्रकाशाचे गणित आणि तालुक्याचा छायाचित्रकार

भीमा नदीच्या दोन तीरांवरील शिरूर आणि दौंड हे तालुके एकेकाळी ऊस आणि बाजारपेठांसाठी ओळखले जात. रांजणगाव व कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतींनी येथे नियमित पगाराचा पैसा आणला आणि त्यापाठोपाठ लग्नसोहळ्यांचे रूपही पालटले. हळदीपूर्वीच वधू-वरांचे 'प्री-वेडिंग' चित्रण नदीकाठी किंवा माळरानावर होऊ लागले. स्टुडिओ चार भिंतींबाहेर पडला. मग प्रश्न उभा राहिला, की सोबत न्यावयाचा फ्लॅश, म्हणजेच पोर्टेबल स्ट्रोब, निवडायचा कोणता?

पूर्वी असे मोठे दिवे विजेच्या तारेला बांधलेले असत. २००५ नंतरच्या काही वर्षांतील भारनियमनाच्या काळात ग्रामीण छायाचित्रकाराला जनरेटरखेरीज गत्यंतर नव्हते. लिथियम बॅटरीने ही अडचण दूर केली. २०१३ मध्ये स्वीडनच्या प्रोफोटोने दिव्यातच बॅटरी बसवलेला ५०० वॅट-सेकंदांचा 'बी-१' आणला. पुढे चीनच्या गोडॉक्सने २०० आणि ६०० वॅट-सेकंदांचे फ्लॅश कितीतरी कमी किमतीत उपलब्ध केले आणि हे साधन तालुक्याच्या आवाक्यात आले.

मात्र मोठा आकडा म्हणजे चांगला दिवा, हा समज खर्चिक ठरतो. २०० ऐवजी ६०० वॅट-सेकंदांचा दिवा घेतल्यास प्रकाश तिप्पट होतो. उलट, तोच लहान दिवा तीन मीटरवरून दीड मीटरवर आणला, तर चेहऱ्यावर चौपट प्रकाश पडतो, तोही एक रुपया न खर्चता. म्हणून एका जोडप्यासाठी २०० वॅट-सेकंद बहुतेक वेळा पुरतात. पंधरा-वीस जणांच्या कौटुंबिक छायाचित्रात दिवा दूर ठेवावाच लागतो. तेथे ४०० ते ६०० ची गरज खरी आहे.

दुसरा मुद्दा उन्हाचा. संध्याकाळच्या मवाळ उजेडात लहान दिवाही भागवतो. परंतु २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यातील पिंपरखेड परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत बळी गेल्यानंतर ऊसपट्ट्यात सांजवेळी चित्रण करणे शहाणपणाचे नाही. काम लख्ख उन्हात करावे लागले, तर आयएसओ १०० आणि सेकंदाच्या दोनशेव्या भागाच्या शटरला लेन्सचे छिद्र एफ/११ च्या आसपास ठेवावे लागते. तेवढ्या उन्हाशी बरोबरी करताना सॉफ्टबॉक्स लावलेला लहान दिवा अपुरा पडू लागतो. 'हाय-स्पीड सिंक' वापरल्यास पार्श्वभूमी धूसर ठेवता येते, पण फ्लॅशचा प्रकाशही बराच घटतो, हे विक्रेते क्वचितच सांगतात. शिवाय मोकळ्या माळावरचा वारा सॉफ्टबॉक्सला शिडासारखा ढकलतो. त्यामुळे वाळूची पिशवी किंवा स्टँड धरणारा मदतनीस हवाच.

तिसरा आणि सर्वांत दुर्लक्षित निकष दुरुस्तीचा. लग्नाचा मुहूर्त दिव्यासाठी थांबत नाही. बॅटरी सहज बदलता येते का, सुटी मिळते का, ट्रिगर आपल्या कॅमेऱ्याशी जुळतो का, पुण्यात सेवा केंद्र आहे का, हे आधी विचारावे. पक्के बिल नसलेला स्वस्त माल वॉरंटीच्या वेळी महाग पडतो. एका मोठ्या दिव्याऐवजी दोन लहान दिवे घेतल्यास एक बंद पडला तरी काम अडत नाही. चैत्र-वैशाखात बॅटरी तापलेल्या गाडीत ठेवणे तर टाळलेच पाहिजे.

मोबाइलने साधी छायाचित्रे घरोघरी नेल्यानंतर व्यावसायिकाकडे उरले आहे ते प्रकाशावरील नियंत्रण. त्यासाठी गुंतवणूक अपरिहार्य आहे. पण चातुर्मासात लग्ने थांबतात, कर्जाचे हप्ते थांबत नाहीत. पुण्यात असे दिवे भाड्याने मिळतात. एखादा हंगाम भाड्याच्या दिव्यावर काढून आपल्या कामाची खरी गरज ओळखावी आणि मगच खरेदी करावी. दिवा किती मोठा, यापेक्षा तो किती लग्नांत वापरला जाणार, हाच हिशेब छायाचित्रकाराच्या घरचा चुलीचा खर्च ठरवणार आहे.