डिस्कचे माप पुरे घ्या

कापडाच्या धंद्यात मापाला किती किंमत आहे, हे व्यापारी बांधवांना सांगण्याची गरज नाही. चाळीस मीटरचा तागा म्हणून घेतला आणि वीस मीटरच भरला, तर कोणीही गप्प बसणार नाही. पण संगणकाच्या हार्ड डिस्कच्या बाबतीत आपण हेच नुकसान निमूटपणे सोसतो. ४ टीबीची डिस्क आणतो, पडद्यावर २ टीबीच दिसते, आणि बसवणारा सांगतो, "तुमचे मशीन जुने आहे, एवढेच घेते." या उत्तरावर समाधान मानू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

सोलापुरात आता डिस्क ही चैनीची वस्तू राहिलेली नाही. जॅकार्ड चादरीची नक्षी पूर्वी छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांवर असे. इलेक्ट्रॉनिक जॅकार्डवर ती फाइलमध्ये असते. जीएसटीचे हिशेब त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावे लागतात. कुंभारीत २००६ साली विडी कामगार महिलांच्या गोदूताई परुळेकर वसाहतीचे लोकार्पण झाले. तिथेच रे नगरमधील १५,००० घरे १९ जानेवारी २०२४ रोजी विडी कामगार, यंत्रमाग कामगार अशा कष्टकऱ्यांच्या हवाली झाली. अशा घरातील मुलाने नक्षीकामासाठी जुना संगणक घेतला, तर डिस्कचे अर्धे पैसे वाया घालवणे त्याला परवडणारे नाही.

आता तूट दोन प्रकारची असते. पहिली तूट फक्त मापाच्या फरकाची. डिस्क बनवणारा एक हजाराच्या पटीने मोजतो, विंडोज १,०२४ च्या पटीने मोजते. एकच कापड एकाने मीटरने आणि दुसऱ्याने गजाने मोजावे, तसा हा प्रकार आहे. म्हणून १ टीबीची डिस्क ९३१ जीबी दिसते आणि ४ टीबीची सुमारे ३.६३ टीबी. इथे माल पुरा आहे. दुकानदाराशी भांडू नये.

दुसरी तूट मात्र खरी आहे. डिस्कवरील जागेचे लहान लहान खण पाडलेले असतात आणि प्रत्येक खणाला नंबर असतो. एमबीआर नावाच्या जुन्या पद्धतीत हा नंबर लिहायला ३२ घरे आहेत, आणि प्रत्येक घरात शून्य किंवा एक एवढेच लिहिता येते. त्यामुळे नंबर ४२९ कोटींच्या आसपास संपतात. एका खणात ५१२ बाइट धरले तर हिशेब सुमारे २.२ लाख कोटी बाइटवर थांबतो. विंडोज यालाच २ टीबी म्हणते. गोदामात १५,००० गठ्ठे आहेत, पण वहीत नंबराला चारच घरे आखली आहेत, तर ९,९९९ नंतरचा गठ्ठा गोदामात असूनही हिशेबात येणार नाही. दोष गोदामाचा नाही, वहीचा आहे.

हा प्रसंग पहिल्यांदा आलेला नाही. पूर्वी ५२८ एमबी, ८.४ जीबी आणि १३७ जीबी अशा मर्यादांवर संगणक अडत असत. शेवटची अडचण विंडोज एक्सपीमध्ये २००२ सालच्या पहिल्या सर्व्हिस पॅकने दूर केली. २०१० च्या सुमारास ३ टीबीच्या डिस्क आल्या आणि २ टीबीची भिंत आडवी आली. तिच्यावरचा उपाय म्हणजे जीपीटी ही नवी वही.

डिस्क नवी आणि रिकामी असेल तर काम पाच मिनिटांचे आहे. विंडोजमधील डिस्क मॅनेजमेंट उघडावे. ४ टीबीच्या डिस्कपुढे सुमारे १,६७८ जीबी "अनअलोकेटेड" दिसत असेल, तर डिस्क एमबीआर पद्धतीने बसवली आहे असे समजावे. ती जीपीटी करून घ्यावी. संगणक जीपीटी डिस्कवरूनच सुरू करायचा असेल तर यूईएफआय असलेला मदरबोर्ड लागतो. पण विंडोज लहान डिस्कवर आणि माल मोठ्या डिस्कवर ठेवायचा असेल, तर जुन्या मशीनवरही ६४ बिटच्या विंडोजमध्ये हे बहुधा जमते. डिस्क यूएसबीच्या डब्यात असेल तर डबाही तपासावा. कित्येक जुने डबे २ टीबीच्या पुढे ओळखत नाहीत.

मात्र डिस्कवर आधीच माल असेल तर घाई करू नये. डिस्क मॅनेजमेंटमधून जीपीटी करण्यासाठी आधीचे सर्व भाग पुसावे लागतात. वीस वर्षांच्या नक्षी अर्ध्या मिनिटात जातील. आधी संपूर्ण नक्कल दुसऱ्या डिस्कवर घ्यावी, ती उघडून पाहावी, मगच कामाला हात घालावा. "फॉरमॅट मारून बघू" म्हणणाऱ्या कारागिराच्या हाती माल देऊ नये.

विक्रेत्यांनाही आमचे सांगणे आहे. ज्याने पुऱ्या डिस्कचे पैसे दिले, त्याला पुरी डिस्क पडद्यावर दाखवूनच बिल हाती द्यावे. मशीन खरोखरच असमर्थ असेल तर विक्रीपूर्वी सांगावे. अर्धी जागा बंद ठेवून वर नवा संगणक गळ्यात मारणे हा व्यापार नव्हे.

आणि ग्राहकाने डिस्क बसवून घेताना "एमबीआर की जीपीटी?" एवढे जरूर विचारावे. कापडावर गज टाकताना आपण नजर ठेवतो, तशीच नजर इथेही ठेवावी.