खांदा उजवा, डोळा डावा

डावीकडे उडालेली तबकडी फुटते, समोर सरळ जाणारी सुटते आणि उजवीकडची तर हमखास सुटते. शॉटगन नव्याने हाती घेतलेला, उजव्या खांद्याने मारणारा नेमबाज महिनोन्‌महिने याच फेऱ्यात अडकला असेल, तर त्याच्या हाताला, बंदुकीला आणि मेहनतीला दोष देण्याआधी त्याचा डोळा तपासायला हवा. दिल्ली, नोएडा, गुरुग्राम, फरिदाबाद या पट्ट्यातल्या ज्या घरांतली मुले तुघलकाबादच्या डॉ. कर्णी सिंग शूटिंग रेंजवर ट्रॅप किंवा स्कीट हे उडत्या तबकड्या फोडायचे खेळ शिकायला जातात, त्या घरांनी तरी ही तपासणी पहिल्याच दिवशी मागून घ्यावी. तिला एक मिनिटही लागत नाही. ती न झाल्याने मात्र वर्षे वाया जातात.

दोन डोळे सारखेच बघतात, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात बैलजोडीत जसा एक बैल वाट धरतो आणि दुसरा त्याच्या अंगाने चालतो, तसे डोळ्यांचे असते. नेम धरायची वेळ आली की मेंदू त्यातल्या एकाचे ऐकतो. हा मुख्य डोळा बहुतेकांचा उजवा असतो. पण उजव्या हाताने सगळी कामे करणाऱ्यांतही साधारण एक तृतीयांश लोकांचा तो डावा निघतो. नजर कमी-जास्त असण्याशी याचा थेट संबंध नाही. दोन्ही डोळे निर्दोष असलेल्या, चष्मा नसलेल्या माणसाचाही खांदा उजवा आणि डोळा डावा असू शकतो. हे व्यंग नाही. लिहिताना, वाचताना, गाडी चालवताना त्याचा पत्ताही लागत नाही.

पत्ता लागतो तो शॉटगन खांद्याला लावल्यावर. रायफलीला पुढे एक आणि मागे एक अशा दोन साइट असतात आणि दोन्ही एका रेषेत आणल्या की नेम साधतो. शॉटगनला मागची साइट नसते. नळीच्या टोकाला एक छोटा मणी असतो, जुने शिकारी त्याला माशी म्हणत. मागच्या साइटचे काम करतो तो नेमबाजाचा डोळाच. गाल दस्त्यावर टेकला की उजवा डोळा नळीच्या बरोबर मागे येतो आणि बंदूक जिथे बघते तिथेच तो बघतो. पण नेमक्या क्षणी डाव्या डोळ्याने ताबा घेतला, तर मागची साइटच दोन-अडीच इंच डावीकडे सरकली असे होते.

याचे गणित साधे आहे. दोन बाहुल्यांमधले अंतर सुमारे ६३ मिलिमीटर. डोळ्यापासून मणी अंदाजे एक मीटर पुढे. ट्रॅपमध्ये गोळी सुटते तेव्हा तबकडी नेमबाजापासून साधारण ३५ मीटरवर पोचलेली असते. डाव्या डोळ्याने मणी आणि तबकडी एका रेषेत आणली, तर छर्रे तबकडीच्या डावीकडे सुमारे दोन मीटरवरून निघून जातात. एवढ्या अंतरावर छर्ऱ्यांचा कामाचा फैलाव फार तर मीटरभर असतो आणि तबकडीचा व्यास अवघा ११० मिलिमीटर. म्हणजे ही चूक काठावरची नाही. नेमबाजाला आपला नेम अचूक दिसत असतो आणि फैर मात्र हवेत जाते. स्वतःच्या डोळ्यावर विश्वास ठेवणाऱ्या माणसाला यापेक्षा गोंधळात टाकणारे दुसरे काय असेल?

सुरुवातीच्या तक्रारीचा उलगडाही यातच आहे. उडत्या तबकडीच्या थोडे पुढे मारावे लागते. डावीकडे जाणाऱ्या तबकडीच्या बाबतीत डाव्या डोळ्याची चूकच ते ‘पुढे मारणे’ करून टाकते आणि तबकडी कधीकधी फुटते. उजवीकडे जाणारीच्या बाबतीत तीच चूक फैर मागे टाकते. कोच मागून बघतो आणि सांगतो, ‘मागे राहतोयस, बंदूक जोरात फिरव.’ सल्ला प्रामाणिक असतो आणि पाहिलेलेही खरे असते, पण कारण भलतेच धरलेले असते. मुलगा बंदूक जोरात फिरवायला लागतो, मान उचलतो, गाल दस्त्यावरून सुटतो आणि डाव्या डोळ्याला आणखी मोकळे रान मिळते. अशा वेळी काडतुसांचे खोक्यामागून खोके संपवण्यात शहाणपण नाही.

महाराष्ट्रात ही गोष्ट फारशी बोलली जात नाही, त्याला कारण आहे. मराठी नेमबाजीची ओळख रायफल आणि पिस्तुलाची. अंजली भागवत, सुमा शिरूर, तेजस्विनी सावंत, राही सरनोबत आणि पॅरिस २०२४ मध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्य मिळवणारा कोल्हापूरचा स्वप्नील कुसाळे ही त्या परंपरेतली नावे. त्या खेळांत लक्ष्य स्थिर असते आणि नेम न धरणाऱ्या डोळ्यापुढे छोटा पडदा लावून प्रश्न सोडवता येतो. शॉटगनच्या ट्रॅपमध्ये लक्ष्य खंदकातून सुटते ते ताशी शंभर किलोमीटरहून जास्त वेगाने, ४५ अंशांपर्यंत कुठल्याही बाजूला. ते दिसताच पकडायचे तर दोन्ही डोळ्यांचे सगळे क्षेत्र उघडे असणे फायद्याचे. म्हणूनच इथे दोन्ही डोळे उघडे ठेवायला शिकवतात, आणि दोन्ही उघडे ठेवले की मुख्य डोळ्याचा प्रश्न उभा राहतो.

तपासणी घरच्या गच्चीवरही होते. दोन्ही हात समोर ताणायचे, तळव्यांमध्ये छोटी फट ठेवायची आणि दोन्ही डोळे उघडे ठेवून त्या फटीतून दूरचा विजेचा दिवा किंवा पाण्याची टाकी बघायची. मग एकेक डोळा मिटायचा. ज्या डोळ्याला ती वस्तू फटीत तशीच दिसते, तो मुख्य. वॉल्टर माइल्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९२०च्या दशकाच्या अखेरीस या प्रकारची चाचणी मांडली आणि आजही तीच वापरतात. दुसरी पद्धत बोटाची. शिकणाऱ्याने दोन्ही डोळे उघडे ठेवून समोर उभ्या कोचच्या नाकाकडे बोट रोखायचे. ते बोट शिकणाऱ्याच्या कुठल्या डोळ्याच्या रेषेत आले, ते कोचला समोरून स्पष्ट दिसते. यासाठी बंदूक वापरायची नाही. रिकामी बंदूकसुद्धा माणसाकडे वळवायची नसते, हा रेंजचा पहिला नियम.

एकदा तपासून मात्र भागत नाही. काहींचा मुख्य डोळा ठाम असतो, काहींचा डळमळीत. थकवा आला, प्रकाश बदलला, चष्म्याचा नंबर बदलला की डळमळीत डोळा पक्ष बदलतो. टोरांटोच्या यॉर्क विद्यापीठातल्या आर्लेन खान आणि डग्लस क्रॉफर्ड यांनी २००१ मध्ये दाखवले की नजर एका बाजूला बरीच वळवली तर मुख्य डोळाही बदलू शकतो. नेमबाजाने डोळे तिरके करून तबकडीचा पाठलाग करू नये, कमरेपासून सगळे अंग वळवावे, हा जुना सल्ला या दृष्टीनेही पटतो. दिल्लीत नोव्हेंबरपासून धुरक्याने आकाश करडे होते आणि तबकडी आकाशापासून नीट वेगळी दिसत नाही. सकाळी ठीक मारणारा मुलगा संध्याकाळी अचानक डावीकडे सुटायला लागला, तर त्याला पुन्हा तळहातांची चाचणी करायला लावावी.

डोळा उलटा निघाला तर काय करायचे? या लेखापुरते मत स्पष्ट आहे: शाळकरी वयात आणि पहिल्या काही महिन्यांत कळले, तर खांदा बदलावा. डोळा डावा तर बंदूकही डाव्या खांद्यावर. पहिले काही आठवडे अवघड जातात, हात ऐकत नाहीत, घरचे हळहळतात. पण तो मुलगा मग आयुष्यभर दोन्ही डोळे उघडे ठेवून, कुठल्याही युक्तीशिवाय मारतो. वरखाली नळ्यांची शॉटगन मधोमध मोडून उघडते, तिला रायफलीसारखा उजव्या बाजूचा बोल्ट नसतो, त्यामुळे डाव्या खांद्याला यंत्राची अडचण नाही. अडचण असते ती दस्त्याची. उजव्या माणसाचा दस्ता किंचित एका बाजूला कललेला असतो आणि डाव्याला तो गालावर उलटा बसतो. म्हणून हजारो-लाखोंची बंदूक घेण्याआधी डोळा तपासायचा, घेतल्यावर नाही.

खांदा बदलायला खरा विरोध घरातून होतो. डाव्या हाताने जेवणाऱ्या मुलाला अजूनही टोकले जाते, मग डाव्या खांद्याने बंदूक धरणे तर दूरच. ज्या अर्जुनाच्या गुरूचे नाव गुरुग्राम मिरवते, तो अर्जुन दोन्ही हातांनी बाण मारतो म्हणून महाभारताने त्याला सव्यसाची म्हटले, आणि आपण मात्र मुलाच्या डाव्या हाताला लाजतो. हंगेरीच्या कारोली टाकाचचा उजवा हात १९३८ मध्ये हातबॉम्बच्या स्फोटात निकामी झाला. तो डाव्या हाताने पिस्तूल शिकला आणि १९४८ च्या लंडन व १९५२ च्या हेलसिंकी अशा लागोपाठच्या दोन ऑलिंपिकमध्ये रॅपिड फायर पिस्तुलाचे सुवर्ण जिंकला. राज्यवर्धन सिंग राठोड तिशीच्या उंबरठ्यावर शॉटगनकडे वळले आणि २००४ मध्ये अथेन्सला डबल ट्रॅपचे रौप्य घेऊन आले. मोठेपणीही शरीर नवे शिकते. बारा-तेरा वर्षांच्या मुलाचा खांदा बदलणे त्यामानाने काहीच नाही.

ज्यांची दहा-पंधरा वर्षे उजव्या खांद्यावर गेली आहेत त्यांच्यासाठी मात्र दुसरा मार्ग चांगला. नेमबाजीचा संरक्षक चष्मा घालावाच लागतो. त्याच्या डाव्या काचेवर अर्धपारदर्शक चिकटपट्टीचा नाण्याएवढा किंवा त्याहून लहान तुकडा लावायचा. आधी रिकामी बंदूक सुरक्षित दिशेला रोखून खांद्याला लावायची, गाल नेहमीसारखा टेकवायचा आणि कोचने बाजूला उभे राहून डाव्या डोळ्याला मणी दिसेनासा होईल नेमक्या त्या जागी तुकडा चिकटवायचा. एरवी डोळा सगळीकडचा उजेड आणि हालचाल बघत राहतो. बंदूक खांद्याला आली की फक्त मणी त्याच्यापासून झाकला जातो आणि उजवा डोळा काम हाती घेतो. खर्च काही रुपयांचा. यात अंतराची जाण थोडी कमी होते, पण तीस-पस्तीस मीटरवर दोन डोळ्यांच्या त्या जाणिवेचा तसाही फार उपयोग नसतो. जागा चुकली किंवा मान उचलली तर तुकडा निरुपयोगी ठरतो, एवढे लक्षात ठेवावे.

डावा डोळा मिटून मारणारेही असतात. ट्रॅपमध्ये ते चालून जाते, कारण तिथे बंदूक आधीच खांद्याला लावून मग हाक द्यायची असते. स्कीटमध्ये तबकडी दिसेपर्यंत दस्ता कमरेशी ठेवावा लागतो. ती पकडायची, बंदूक उचलायची आणि त्याच घाईत डोळाही मिटायचा, हे फार होते. फक्त उजव्या डोळ्यालाच दिसतील असे छोट्या नळकांड्यात बसवलेले चमकदार मणी बाजारात मिळतात. डोळा डळमळीत असेल तर त्यांची मदत होते; ठाम डाव्या डोळ्यापुढे त्यांच्यावर विसंबू नये.

चष्म्यावर पट्टी लावून स्पर्धेत उतरायला संकोच वाटणाऱ्यांनी मन्सूर अली खान पतौडींची आठवण ठेवावी. त्यांचे पतौडी आज गुरुग्राम जिल्ह्यात आहे. जुलै १९६१ मध्ये इंग्लंडमधल्या होव्ह इथे मोटार अपघातात त्यांच्या उजव्या डोळ्याची दृष्टी जवळजवळ गेली. एकाचे दोन चेंडू दिसू लागले. त्यांनी टोपी उजव्या डोळ्यावर ओढून खेळायला सुरुवात केली, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दिल्लीत पहिली कसोटी खेळले आणि फेब्रुवारी १९६४ मध्ये दिल्लीतच इंग्लंडविरुद्ध नाबाद २०३ केल्या. त्यांची अडचण अपघाताने आलेली आणि कितीतरी मोठी होती, तरी उपाय याच जातीचा होता: गोंधळ घालणारे चित्र झाकायचे आणि दुसऱ्या डोळ्यावर भरवसा ठेवायचा.

नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया १९५१ मध्ये स्थापन झाली, तेव्हा तिचे पहिले अध्यक्ष होते गणेश वासुदेव मावळंकर, मूळचे रत्नागिरीकडच्या मराठी घराण्यातले, लोकसभेचे पहिले सभापती. राष्ट्रीय स्पर्धेची वाट धरणारे देशभरातले नेमबाज आजही त्यांच्या नावाच्या स्पर्धेतून जातात. त्या स्पर्धेच्या अर्जावर आणि प्रत्येक क्लबच्या प्रवेशपत्रावर वय, उंची, रक्तगट यांच्या शेजारी मुख्य डोळ्याचा एक रकाना असावा आणि तो पहिल्या काडतुसाआधी कोचच्या सहीने भरलेला असावा. डोळा आणि खांदा जुळत नसतील तर पालकांना त्याच दिवशी बोलावून घ्यावे, दोन्ही मार्ग समजावून सांगावेत, आणि मुलाने निवडलेला मार्ग निदान एक हंगाम तरी कोणी बदलायला लावू नये.