मागल्या जिन्याचं कुलूप

मी नाशकात विद्यापीठाच्या इमारतीत झाडू मारतो. कंत्राटी. खाली तीन हापिसं, वर वर्ग. मागल्या जिन्याला कुलूप. जिन्यात मोडके बाक, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे. किल्ली कुणाकडं? हे म्हणतात त्यांच्याकडं, ते म्हणतात विद्यापीठाकडं.

कायदा हाय. २००६ चा, महाराष्ट्राचाच. मालकानं किंवा भोगवटादारानं दर जानेवारीत नि जुलैत आग विझवायची साधनं धड असल्याचा दाखला द्यायचा. त्या 'किंवा'तच सगळी मेख. चार बिऱ्हाडांच्या वाड्यात संडास कुणी धुवायचा, तसं. (शेवटी धुतो आम्हीच.) भिंतीवरल्या लाल नळकांड्यांची मुदत संपलीय, हेही मलाच ठाऊक. धूळ मी पुसतो ना.

म्हणे, इथं काय जळतंय? मंत्रालयात काय जळत होतं? २१ जून २०१२, ५ माणसं गेली. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ ला १० तान्ही लेकरं. त्याच साली २१ एप्रिलला आपल्या नाशकात झाकीर हुसेन रुग्णालयाची ऑक्सिजनची टाकी गळली, २२ जणांचा श्वास तुटला. तिथं तर आगही नव्हती.

आग जात विचारत नाही म्हणता? रात्री तळघरात कोण झोपतं, जाऊन बघा.

बंद दार नाशिकला नवं नाही. २ मार्च १९३० ला बाबासाहेबांचे सत्याग्रही आले तेव्हा काळारामाची दारं बंदच होती. तेव्हा आम्ही आत जायला मागत होतो. आज बाहेर पडायला मागतोय, त्यात साहेबांची पोरंही आली.

किल्ली द्या. नाहीतर कुलूप मी तोडतो. पगार कापा खुशाल.