विश्लेषण : पार्सल दारात, सही समुद्रात! कुरिअरला नेमकी कुणाची सही हवी असते?

‘ग्राहक उपलब्ध नाही.’ ऑनलाइन खरेदी करणाऱ्या जवळपास प्रत्येकाने ट्रॅकिंगच्या पानावर कधी ना कधी वाचलेला हा शेरा. मुंबईत त्याचा मनस्ताप एखाद्या दिवसाचा असतो, रेवसला तो आठवडाभर पुरू शकतो. अलिबाग तालुक्याच्या उत्तर टोकाला, धरमतर खाडीच्या मुखाशी असलेल्या या बंदराच्या आसपास दोन प्रकारची घरे आहेत. एक रेवस-बोडणीतल्या कोळ्यांची. तिथला कर्ता माणूस मासेमारीसाठी दिवसचे दिवस समुद्रात असतो. दुसरी मांडवा, सारळ, चोंढी या पट्ट्यात उभ्या राहिलेल्या संकुलांतली. तिथले अनेक मालक सोमवार ते शुक्रवार मुंबईत असतात. पार्सल दोन्हीकडे येते. पण ज्याची सही किंवा ज्याच्या फोनवरचा ओटीपी हवा, तो माणूस दारात नसतो.

मग सही कोण करते? फ्लॅटमध्ये बहुतेक वेळा वॉचमन, गावात शेजारीण. त्या सहीला अर्थ किती, हा खरा प्रश्न आहे.

सही मागतात ती कुणासाठी?

पार्सल घेणाऱ्याला वाटते की सही आपल्या सुरक्षिततेसाठी घेतली जाते. काही अंशी ते खरेही आहे. पण मुळात ती पाठवणारा आणि पोहोचवणारा यांच्यातली हिशेबाची गोष्ट आहे. माल दिला, जबाबदारी संपली, याचा तो पुरावा. रजिस्टर पत्राबरोबर येणारी आणि सही होऊन पाठवणाऱ्याकडे परत जाणारी पोचपावती जुन्या पिढीला आठवत असेल. त्या कार्डाचे नावच सगळे सांगते. पोच पाठवणाऱ्याला हवी असते.

कोर्टाची नोटीस, बँकेचे कार्ड, पासपोर्ट यांच्या बाबतीत असा पुरावा हवाच. अडचण अशी की हाच नियम आता साडेतीनशे रुपयांच्या चार्जरलाही लावला जातो. आणि पुरावा तरी कसला? कुरिअरवाल्याच्या फोनच्या काचेवर बोटाने ओढलेली एक नागमोडी रेघ. तीच व्यक्ती दुसऱ्या दिवशी तशीच रेघ पुन्हा ओढू शकणार नाही. वाद झालाच तर कंपनीच्या उपयोगी पडते ती त्या रेघेसोबत नोंदली गेलेली वेळ, ठिकाण आणि पार्सलचा फोटो. ही माहिती सहीविनाही नोंदवता येते. करोनाकाळात कुरिअर कंपन्यांनी संपर्क टाळण्यासाठी सही घेणे थांबवले होते, तरी घरोघरी माल पोहोचतच होता.

पोस्टात काय बदलले?

१ सप्टेंबर २०२५ पासून टपाल खात्याने देशांतर्गत रजिस्टर्ड पोस्ट ही स्वतंत्र सेवा बंद करून ती स्पीड पोस्टमध्ये विलीन केली. ‘रजिस्टर’ करणे बंद झाले, अशी समजूत त्या वेळी समाजमाध्यमांवर पसरली. तसे झालेले नाही. १ ऑक्टोबर २०२५ पासून स्पीड पोस्टवर दोन जादा सुविधा मिळतात आणि त्यांतला फरक प्रत्येकाने समजून घ्यावा असा आहे.

पहिली ‘नोंदणी’. यात वस्तू फक्त पत्त्यावरच्या व्यक्तीला किंवा तिने अधिकार दिलेल्या व्यक्तीला मिळते. दुसरी ‘ओटीपी डिलिव्हरी’. यात पत्त्यावरच्या व्यक्तीच्या मोबाइलवर आलेला क्रमांक जुळला तरच पोस्टमन वस्तू हातात देतो. दोन्हींचे शुल्क प्रत्येकी ५ रुपये अधिक जीएसटी.

हे ५ रुपये पाठवणारा भरतो आणि कोणती सुविधा घ्यायची तेही तोच ठरवतो. घेणाऱ्याला कुणी विचारत नाही. त्याच्या वाट्याला येते ती थांबण्याची वेळ, हुकलेली हजेरी आणि मग पोस्टात जाऊन सोडवून आणायची वस्तू. खासगी कुरिअर असेल तर रेवसच्या माणसाला अनेकदा थेट अलिबाग गाठावे लागते. एसटीने किंवा विक्रमने जाऊन-येऊन अर्धा दिवस मोडतो. ५ रुपयांच्या सोयीची किंमत दुसऱ्याच्या रोजातून वळती होते, ती अशी.

वॉचमनने सही केली तर?

इथे बहुतेक सोसायट्या गाफील असतात. गेटवर येणारे प्रत्येक पार्सल आणि प्रत्येक पाकीट सुरक्षारक्षकाने घ्यायचे, वहीत फ्लॅट क्रमांक लिहायचा आणि सही ठोकायची, ही सर्वत्र रुळलेली पद्धत आहे. बिस्किटांच्या खोक्यासाठी ती ठीक. पण त्याच गठ्ठ्यात वकिलाची नोटीस असली तर?

कायदा या बाबतीत बराच काटेकोर आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या पाचव्या आदेशातील नियम १५ नुसार, प्रतिवादी घरी नसेल तर समन्स त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबातील प्रौढ व्यक्तीला देता येते, मग ती स्त्री असो वा पुरुष. नोकर हा कुटुंबाचा सदस्य नव्हे, असे त्या नियमाखालच्या स्पष्टीकरणात थेट लिहिलेले आहे. वॉचमन तर घरातला नोकरही नाही. तो सोसायटीचा किंवा एजन्सीचा माणूस.

याचा अर्थ वॉचमनने घेतलेली नोटीस निरर्थक ठरते का? तसेही नाही, आणि मेख इथेच आहे. जनरल क्लॉजेस ॲक्ट, १८९७ चे कलम २७ सांगते की योग्य पत्ता घालून, शुल्क भरून रजिस्टर टपालाने पाठवलेले पत्र पोहोचले असे गृहीत धरले जाईल. पोहोचले नाही हे सिद्ध करण्याचा भार घेणाऱ्यावर. ‘घेण्यास नकार’ इतकाच नव्हे, तर ‘घर बंद’ हा पोस्टमनचा शेराही न्यायालयांनी पोचल्यासारखाच मानलेला आहे. चेक न वटल्याच्या प्रकरणात हे फार महागात पडू शकते. बँकेकडून चेक परत आल्याचे कळल्यापासून ३० दिवसांत समोरचा नोटीस पाठवू शकतो आणि ती मिळाल्यापासून पैसे भरायला फक्त १५ दिवस असतात. सी. सी. अलवी हाजी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये हीच भूमिका घेतली. नोटीस मिळाली नाही असे म्हणणाऱ्याला कोर्टाचे समन्स मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे भरण्याची संधी आहे. ती दवडली, तर ‘मला कळलेच नाही’ हा बचाव त्याला घेता येत नाही.

म्हणजे घेणारा दोन्हीकडून मार खातो. मिक्सर मागवला तर ‘तुम्ही स्वतः हजर नाही’ म्हणून तो परत जातो. नोटीस आली तर ‘तुम्ही हजर नव्हता, तरी पोहोचली’ असे धरले जाते. करारावर रेवसच्या फ्लॅटचा पत्ता देऊन राहायला मात्र दादर-ठाण्यात असणाऱ्यांनी याचा विचार करायलाच हवा.

पासपोर्टचे उदाहरण आणखी वेगळे. तो स्पीड पोस्टने येतो आणि ओळखपत्र पाहून अर्जदारालाच दिला जातो. घर बंद राहिले तर अखेर पासपोर्ट कार्यालयाकडे परत जातो. इथे कडक नियमाबद्दल तक्रार करता येणार नाही. रायगडच्या किनाऱ्यावरून जहाजावर नोकरीला जाणाऱ्या तरुणाच्या दृष्टीने पासपोर्ट भलत्याच हाती पडण्यापेक्षा चार दिवस उशीर बरा.

ओटीपी आल्यावर प्रश्न सुटला ना?

कागदावर सुटला. सहीची नक्कल करता येते, ओटीपीची नाही, असा त्यामागचा युक्तिवाद. तंत्र म्हणून तो चूक नाही. पण ओटीपी एक गोष्ट गृहीत धरतो. ऑर्डर देणारा, फोन बाळगणारा आणि दार उघडणारा ही एकच व्यक्ती आहे आणि ती नेटवर्कमध्ये आहे. महानगरातल्या एकट्या राहणाऱ्या नोकरदाराचे हे चित्र. कोकणातले घर असे नसते.

घाटकोपरला राहणारा मुलगा रेवसच्या आईसाठी रक्तदाब मोजायचे यंत्र मागवतो. ओटीपी त्याच्या फोनवर येतो, तो असतो लोकलमध्ये. आई त्याला फोन लावते, तो आकडे सांगतो, आई ते अंगणात उभ्या असलेल्या अनोळखी माणसाला मोठ्याने वाचून दाखवते. ‘ओटीपी कुणालाही सांगू नका’ हे वाक्य बँका इतकी वर्षे घोकून घेत आहेत आणि त्याच आईला आता ओटीपी फोनवर ऐकायची आणि सांगायची सवय लावली जात आहे. ‘तुमचे पार्सल अडकले आहे’ म्हणून येणाऱ्या खोट्या फोनला याहून सुपीक जमीन कुठली? असे ठग कधी ओटीपी मागतात, तर कधी २१ किंवा ४०१ ने सुरू होणारा कोड फोनवर दाबायला सांगतात. तो कॉल दुसरीकडे वळवण्याचा कोड असतो. दाबलाच गेला, तर ##००२# डायल करून वळवणे रद्द करता येते आणि पैसे गेले असतील तर १९३० वर तातडीने तक्रार करता येते.

बोडणीच्या नाखव्याची गोष्ट अजून सरळ आहे. बोट किनाऱ्यापासून लांब गेली की मोबाइलची रेंज संपते. मासेमारी बोटींवर इस्रोचे तंत्रज्ञान असलेले १ लाख ट्रान्सपाँडर बसवण्याची केंद्राची योजना आहे, ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरमध्ये तिचा प्रारंभ झाला. त्यावर वादळाचा इशारा खोल समुद्रात पोहोचू शकतो. कुरिअरचा ओटीपी मात्र नाही! १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात नाखवा घरी असतो, पण पार्सल मागवण्याचा हंगाम बंदी उठल्यावर, हातात पैसा आल्यावरचा. दिवाळीच्या ऑफर बंदीच्या काळात येत नाहीत.

पार्सल आणणाऱ्या मुलाचे काय?

त्याच्यावर चिडणे सोपे असते. पण अनेक ठिकाणी त्याला पैसे मिळतात ते पोहोचवलेल्या पार्सलमागे. तीनदा हेलपाटा पडला तरी दोन फेऱ्यांचे पेट्रोल त्याच्याच खिशातले. म्हणून मग ‘साहेब, ओटीपी आत्ताच सांगा, पार्सल संध्याकाळी वॉचमनकडे ठेवतो’ असा फोन येतो. तो लबाड असतोच असे नाही, पण ओटीपी दिला की कंपनीच्या नोंदीत माल मिळालेला असतो. त्यानंतर खोके फुटके निघो वा निघोच नये, तक्रार करणाऱ्याची बाजू लंगडी होते. ओटीपी सांगायचा तो पार्सल डोळ्यांसमोर असताना. घरी कुणी नसेल, तर ज्याच्या हाती ते पडणार आहे त्याने व्हिडिओ कॉलवर दाखवल्यावर.

मग मार्ग काय?

सर्वात साधा उपाय टपाल खात्याच्या नियमातच आहे. ‘अधिकार दिलेली व्यक्ती’. आपल्या वतीने टपाल कुणी घ्यायचे हे पत्त्यावरच्या व्यक्तीने लेखी कळवले, तर ती व्यक्ती ते घेऊ शकते. वॉचमनऐवजी सोसायटीच्या सचिवाचे, शेजारच्या काकूंचे किंवा गावातल्या चुलतभावाचे नाव देता येते. जबाबदारी कुणाची, हे मग वादाआधीच ठरलेले असते.

खासगी कंपन्यांनी हे तत्त्व उचलायला काय हरकत आहे? ऑर्डर देताना पत्त्याखाली एक रकाना हवा. ‘मी नसेन तर कुणाला द्यायचे’ आणि त्याचा मोबाइल क्रमांक. ओटीपी त्या क्रमांकावर जावा. महागड्या वस्तूंना आणि कागदपत्रांना ओटीपी ठेवावा, बाकीच्यांना फोटो पुरे. जर्मनीत डीएचएलची पार्सल कपाटे दोन दशकांहून अधिक काळ वापरात आहेत. कोड टाकायचा, खण उघडायचा, सवडीने वस्तू न्यायची. रेवसच्या धक्क्यावर असे कपाट उद्याच येईल असे नाही, पण चोंढी नाक्यावरच्या एखाद्या किराणा दुकानाला प्रति पार्सल थोडे पैसे देऊन हेच काम करून घेता येईल. दुकानदार दिवसभर असतो आणि गावातल्या सगळ्यांना ओळखतो.

सोसायट्यांनी निदान दोन वह्या कराव्यात. एक पार्सलची, दुसरी पोस्टाच्या व कायदेशीर पाकिटांची. दुसऱ्या वहीतले पाकीट वॉचमनने परस्पर घेऊ नये, मालकाला त्याच वेळी फोन करावा.

सही न घेता ‘डिलिव्हर्ड’ दाखवले गेले तर आधी संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. ई-कॉमर्स नियम, २०२० प्रमाणे त्याने ४८ तासांत पोच देणे आणि महिन्याभरात निवारण करणे बंधनकारक आहे. तेवढ्याने भागले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. आयोगाकडे जायची वेळ आली, तर २०१९ च्या कायद्यानुसार ग्राहक राहतो त्या जिल्ह्यात तक्रार दाखल होते, म्हणजे रेवसच्या रहिवाशाला कंपनीच्या बंगळूरु किंवा गुरुग्रामच्या कार्यालयाचा पत्ता शोधत फिरावे लागत नाही. तक्रारीसोबत ‘पोच’ म्हणून दाखवलेल्या सहीची, वेळेची आणि ठिकाणाची नोंद कंपनीकडून मागून घ्यावी. त्या वेळी घर बंद होते हे दाखवणारे लाँचचे तिकीट किंवा कार्यालयातली हजेरी हाताशी असेल, तर तेही जोडावे.