बाळ जरा सुकलंय का हो?

तान्हं बाळ बघायला येणाऱ्या मंडळींना आपण दारात चपला काढून ठेवायला सांगतो. तशीच मतंही काढून ठेवायला सांगण्याची सोय हवी होती. चपलांनी फार तर फरशी मळते, आणि ती पुसता येते.

माझी लेक बाळंतपणाला माझ्याकडे डोंबिवलीला आली आहे. नात दोन महिन्यांची आहे. या दोन महिन्यांत आमच्याकडे जेवढी माणसं येऊन गेली, त्यांतल्या निम्म्यांनी पाळण्यात डोकावून, आजाऱ्याच्या खोलीत काढतात तसा आवाज काढून विचारलं, “बाळ जरा सुकलंय का हो?” आता, सुकलंय म्हणायला आधी ते भरलेलं पाहिलेलं असावं लागतं. ही मंडळी तर तिला पहिल्यांदाच बघत होती!

पण हा प्रश्न एक वेळ परवडला. त्याच्या पाठोपाठ दुसरा येतो. तो मला कुजबुजत, पण आतल्या खोलीत बाळंतिणीला नीट ऐकू जाईल अशा बेतानं विचारला जातो. “हिचं दूध पुरतं ना?”

माझं भांडण आहे ते या प्रश्नाशी.

मी टपाल खात्यात तीस वर्षं काढली, त्यांतली बरीचशी पार्सलच्या खिडकीवर. नजरेनं वजन सांगणारी माणसं मी रोज पाहिली आहेत. “मॅडम, किलोभर असेल,” म्हणून आणलेलं पार्सल काट्यावर सव्वादोन किलो भरायचं. मी जर काट्याऐवजी नजरेनं तिकिटं लावली असती, तर खात्यानं मला केव्हाच घरी बसवलं असतं. भावाला पाठवायच्या पापडांना काटा लागतो. अख्ख्या माणसाला मात्र लागत नाही, दारातूनच नुसतं बघून कळतं! आणि आणखी एक. वजन जास्त भरलं तर तिकिटं जास्त लागायची, एवढंच. आतला माल चांगला आहे, असा अर्थ खात्यानं त्यातून कधी काढला नाही.

तर आता काट्यावरचा हिशेब सांगते. नात जन्मली तेव्हा २ किलो ६०० ग्रॅम होती. चौथ्या दिवशी २ किलो ४२०. लगेच घरात सुतक आल्यासारखी शांतता. वास्तविक पहिल्या काही दिवसांत बहुतेक बाळांचं वजन उतरतं. सात टक्के उतरणं नेहमीचं, क्वचित दहापर्यंतही जातं, आणि दोन आठवड्यांच्या आत ते परत जागेवर येतं. आमचं बाराव्या दिवशी आलं. त्यानंतर पहिले तीन महिने दिवसाला २० ते ३० ग्रॅम वाढ ठीक, असं डॉक्टर सांगतात. आमची आज ४ किलो १०० आहे. म्हणजे रोजचे तीस ग्रॅम झाले. बाई बारीक चणीची आहे, तक्त्यातल्या सगळ्यांत खालच्या रेषेच्या जरा वर चालते. पण त्या रेषेबरोबर सरळ चालते. वर्गात खालून तिसरा आलेला मुलगा दर वर्षी पास होत असेल, तर त्याला कुणी आजारी म्हणतं का?

मग हे “सुकलंय” येतं कुठून? ते येतं डब्यावरून. आमच्या लहानपणी बाळ गुटगुटीत असलं की “अगदी ग्लॅक्सो बेबी!” म्हणायची पद्धत होती. ग्लॅक्सो म्हणजे औषधांची कंपनी असं आपण समजतो. पण १९०६ साली हे नाव नोंदवलं गेलं ते दुधाच्या भुकटीसाठी, औषधं मागून आली. दुसऱ्यांचे डबे, कॅलेंडरं आणि गणेशोत्सवातल्या ‘सुदृढ बालक स्पर्धा’ यांनीही हातभार लावला, आणि मनगटाला दोन वळ्या म्हणजे बाळ, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलं. पुढे १९९२ साली कायदा झाला, २००३ साली तो आणखी कडक झाला. अशा दुधाची जाहिरात बंद, आणि डब्यावर बाळाचं चित्रही बंद. डब्यावरचं बाळ कायद्यानं गेलं. डोक्यातलं काढायला कुठलं सरकार येणार?

बरं, नजर सोडा. तक्तेही कधी कधी नजरेसारखेच वागले आहेत. १९७७ साली अमेरिकेत मुलांच्या वाढीचे तक्ते झाले, आणि जागतिक आरोग्य संघटनेनं ते साऱ्या जगाला वापरायला दिले. त्यांतली तान्ह्या मुलांची मापं ओहायो राज्यातल्या गोऱ्या, आणि बहुतांशी बाटलीवर वाढलेल्या मुलांची होती. अंगावर पिणारं मूल पहिले दोन-तीन महिने झपाट्यानं वाढतं आणि मग जरा दमानं घेतं. ही त्याची रीतच आहे. पण बाटलीच्या पट्टीवर ठेवलं की ते घसरलेलं दिसतं. मूल घसरत नसतं, पट्टी वेगळ्या मुलाची असते.

हे मला वाचून कळलेलं नाही. १९८८ साली माझी ही लेक पाच महिन्यांची होती. बिनपगारी रजा वाढवून मी घरी होते, मुलगी अंगावर पीत होती, हसत होती, पालथी पडत होती. एका दवाखान्यात तिचं वजन झालं, भिंतीवरच्या तक्त्याकडे बघितलं गेलं आणि मला सांगण्यात आलं, “दूध कमी पडतंय, वरचं सुरू करा.” एका वाक्यात माझी बदली झाली! डबा आला. दीड महिन्यात माझं दूध आटलं, आणि सगळे म्हणाले, “बघा, पुरत नव्हतंच.”

आईच्या दुधाचा कारभार सरकारी दूध केंद्राच्या नेमका उलटा असतो. केंद्रावर गिऱ्हाईक वाढलं की दूध संपतं. इथं बाळ जितकं ओढेल तितकं जास्त तयार होतं. मधे एक बाटली घातली, की बाळाची तेवढी मागणी गेली, तेवढा पुरवठा गेला, मग दुसरी बाटली. ‘पुरत नाही’ म्हणणारे शेवटी खरे ठरतात, कारण ते स्वतःच तसं करून दाखवतात.

पुढे जागतिक आरोग्य संघटनेनं नवे तक्ते केले. १९९७ ते २००३ या काळात ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका इथल्या सुमारे साडेआठ हजार मुलांची मापं घेतली. आपली मुलं दक्षिण दिल्लीतली होती. या वेळी पट्टी आईच्या दुधावरच्या बाळांची. २००६ साली ते तक्ते प्रसिद्ध झाले. गेल्या महिन्यात नातीच्या निमित्तानं मी लेकीचं जुनं पिवळं पडलेलं कार्ड काढलं आणि त्यातली वजनं नव्या तक्त्यावर मांडली. रेष कुठंही पडली नाही. म्हणजे इतकी वर्षं मी स्वतःला दूध न पुरलेली आई समजत होते, आणि दूध पुरत होतं! माझी ती रजा, ते दूध, आता कुठल्या खिडकीवर परत मागायचं?

म्हणून लेकीच्या बाबतीत मी गप्प बसणार नाही.

याचा अर्थ डॉक्टरांकडे जाऊ नका असा मुळीच नाही. दोन आठवड्यांनंतरही बाळ जन्माच्या वजनावर आलं नाही, दिवसाकाठी सहा लंगोटही भिजत नाहीत, प्यायला उठवावं तरी झोपतच राहतं, किंवा रेष खरोखरच खालच्या रेषा ओलांडत उतरू लागली, तर शेजारणीला विचारू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. मात्र तिथंही आधी बघायचं ते हे, की बाळ नीट तोंड भरून धरतं का, चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पाजलं जातं का, रात्रीचं पाजणं कुणी बंद तर केलं नाही ना. बरेचदा तिढा तिथंच सुटतो. नाही सुटला आणि वरचं दूध खरंच लागलं, तर खुशाल द्यावं. त्यानं आई कमी ठरत नाही. वजनाचं म्हणाल, तर काटा एकच ठेवा, कपडे काढा आणि रोज रोज तोलू नका. बाळ म्हणजे काही सोनं नाही, की भाव रोज बघावा.

आणि बाळाचं वजन वाढवायला सुचवले जाणारे उपाय! अळिवाचे लाडू, डिंकाचे लाडू, शतावरी घातलेलं दूध, वर तूप. सगळे उपाय बाळासाठी, आणि वजन वाढतं आईचं. ते एक वेळ चालेल, चवीला तरी बरे लागतात. पण “जरा मध चाटवा”, “उन्हाळा आहे, चमचाभर पाणी पाजा”, “बाळगुटीचे वेढे वाढवा” हे मात्र माझ्या दारात चालणार नाही. मध वर्षाच्या आत द्यायचाच नसतो, तो बाळाला घातक ठरू शकतो. सहा महिने आईचं दूध पीत असलेल्या बाळाला पाणी लागत नाही. इवलंसं पोट पाण्यानं भरलं, तर दुधाला जागा कुठली?

तेव्हा मंडळी, बाळ बघायला जरूर या. त्याच्या वजनाबद्दल काही बोलायचंच असेल, तर “नाक कुणावर गेलंय?” एवढं विचारा, त्यावर दोन्हीकडच्या आज्या भांडतील, पण बाळंतिणीचं दूध आटणार नाही. डबा आणायचाच असेल, तर पावडरीचा नको, पिठलं-भाकरीचा आणा. तिचं जेवण होईपर्यंत बाळ घ्या. आणि ती झोपायला गेली, की दार हळूच ओढून निघा.