आपल्यांसाठी दया, इतरांसाठी फास

इंडोनेशियाच्या तुरुंगांत जवळजवळ वीस वर्षे काढलेले पाच ऑस्ट्रेलियन नागरिक डिसेंबर २०२४ मध्ये मायदेशी परतले. ‘बाली नाईन’ या नावाने जगभर गाजलेल्या हेरॉईन तस्करीच्या प्रकरणावर त्यामुळे पडदा पडला, असे म्हणता येईल. एक महिला २०१८ मध्येच शिक्षा भोगून सुटली होती, एकाचा त्याच वर्षी कर्करोगाने मृत्यू झाला होता. उरलेले दोघे मात्र परतणे शक्यच नव्हते. अँड्र्यू चॅन आणि मयुरन सुकुमारन या दोघांना २९ एप्रिल २०१५ रोजी मध्यरात्रीनंतर नुसाकंबंगन बेटावर गोळ्या घालून ठार करण्यात आले होते. प्रकरण संपले असले, तरी त्याने उभा केलेला वाद संपलेला नाही. परदेशात अमली पदार्थांसह पकडल्या गेलेल्या आपल्या नागरिकाला मृत्युदंड झाला, तर त्याच्या देशाने काय करावे? आणि दयेची याचना करण्याचा अधिकार त्या देशाला कोणत्या बळावर मिळतो?

हे प्रकरण सुरू झाले १७ एप्रिल २००५ रोजी. त्या दिवशी बालीच्या विमानतळावर आणि कुटा भागातील एका हॉटेलात मिळून आठ किलोंहून अधिक हेरॉईन पकडण्यात आले. चौघांनी ते अंगाला बांधले होते. चॅनजवळ काहीच सापडले नाही. सुकुमारन हॉटेलात होता. माल वाहून नेणाऱ्यांची जमवाजमव या दोघांनी केली, असे न्यायालयाने मानले आणि फेब्रुवारी २००६ मध्ये त्यांना मृत्युदंड ठोठावला. दोघे निरपराध होते, असा दावा त्यांच्या बाजूने लढणाऱ्यांनीही अखेरीस केला नव्हता. म्हणूनच हे प्रकरण विचार करण्याजोगे आहे. निरपराध माणसासाठी दया मागणे सोपे असते. गुन्हेगारासाठी ती मागताना मागणाऱ्याची कसोटी लागते.

या कसोटीचा पहिला पेच अटकेतच होता. इंडोनेशियाच्या पोलिसांना या टोळीची खबर ऑस्ट्रेलियाच्याच संघीय पोलिसांनी दिली होती. संशयितांची नावे आणि प्रवासाचा तपशील कळवून, योग्य वाटेल ती कारवाई करण्याची मुभा त्यांनी इंडोनेशियाला दिली होती. नऊ जणांपैकी एका एकोणीस वर्षांच्या मुलाच्या वडिलांना आपला मुलगा भलत्याच भानगडीत सापडल्याचा संशय आला. ओळखीच्या वकिलामार्फत त्यांनी पोलिसांना गाठले. मुलाला देशाबाहेर जाण्यापासून रोखावे, एवढीच त्यांची विनंती होती. मुलगा गेला आणि पकडला गेला. पुढे इंडोनेशियाच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याला मृत्युदंडही दिला. २०११ मध्ये त्याचे रूपांतर जन्मठेपेत झाले. पोलिसांनी कायद्याचे उल्लंघन केले नाही, असा निर्वाळा ऑस्ट्रेलियातील न्यायालयाने २००६ मध्ये दिला. तो कायद्याच्या दृष्टीने बरोबरही असेल. परंतु १९६७ नंतर आपल्या भूमीवर एकालाही फासावर न चढवणाऱ्या देशाच्या यंत्रणेने आपल्याच नागरिकांना मृत्युदंडाच्या टप्प्यात आणून सोडले, ही वस्तुस्थिती त्या निर्वाळ्याने पुसली जात नाही. माहितीची देवाणघेवाण करताना मृत्युदंडाची शक्यता विचारात घ्यावी, अशी मार्गदर्शक तत्त्वे नंतर आली; ज्यांच्यामुळे ती आली, त्यांना त्यांचा उपयोग झाला नाही.

जनमताचा लंबक

अंमलबजावणीची वेळ जवळ आली, तेव्हा ऑस्ट्रेलियातील जनमत किती दुभंगलेले होते, हे दोन पाहण्यांवरून दिसले. जानेवारी २०१५ मधील एका पाहणीत, परदेशात तस्करीबद्दल मृत्युदंड झालेल्या ऑस्ट्रेलियन नागरिकांची शिक्षा अमलात यावी, असे ५२ टक्के लोकांनी सांगितले. पुढच्याच महिन्यातील दुसऱ्या पाहणीत ६२ टक्के लोकांनी या दोघांना मारण्यास विरोध दर्शवला. लोक महिन्याभरात बदलले, असे म्हणण्यापेक्षा प्रश्न बदलला, असे म्हणणे अधिक योग्य ठरेल. ‘तस्कर’ या शब्दाला लोक एक उत्तर देतात. नाव आणि चेहरा असलेल्या माणसाबद्दल विचारले, की उत्तर वेगळे येते.

शिक्षेच्या समर्थकांचे म्हणणे धुडकावून लावण्यासारखे नाही. आग्नेय आशियातील कायदे कुणापासून लपवलेले नाहीत. सिंगापूरमध्ये उतरणाऱ्या प्रवाशाला भराव्या लागणाऱ्या कार्डावर, तस्करीला मृत्युदंड आहे, हा इशारा वर्षानुवर्षे लाल अक्षरांत छापलेला असे. इशारा वाचूनही जो धोका पत्करतो, त्याच्यासाठी सरकारने का रदबदली करावी, असा त्यांचा सवाल असतो. हेरॉईनने उद्‌ध्वस्त केलेल्या घरांची बाजू कोण मांडणार, हा दुसरा सवाल. आणि तिसरा सार्वभौमत्वाचा. एखाद्या देशाने आपल्या हद्दीत कोणता कायदा ठेवावा, हे परक्या राजधानीतून कसे ठरणार? राष्ट्राध्यक्ष जोको विडोडो यांनी दयेचे अर्ज सरसकट फेटाळताना नेमकी हीच भूमिका घेतली. अमली पदार्थांमुळे देशात रोज चाळीस-पन्नास माणसे मरतात, असे ते सांगत. त्या आकड्यामागच्या पद्धतीवर अभ्यासकांनी गंभीर आक्षेप घेतले. पण तो आकडा तोपर्यंत घरोघरी पोहोचला होता.

मुत्सद्देगिरीने या वादात भर घातली, ती तेलासारखी. फेब्रुवारी २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियाचे तत्कालीन पंतप्रधान टोनी ॲबट यांनी २००४ च्या त्सुनामीनंतर आपण दिलेल्या सुमारे एक अब्ज डॉलरच्या मदतीची इंडोनेशियाला आठवण करून दिली. आपत्तीत केलेल्या मदतीचा असा हिशेब मांडणे इंडोनेशियाला झोंबले. ज्या आचे प्रांताला त्सुनामीचा सर्वाधिक तडाखा बसला, तेथे लोकांनी मदत परत करण्यासाठी नाणी गोळा करण्याची मोहीमच काढली. दयेची याचना उपकाराच्या भाषेत केली, की ती याचना राहत नाही. आणि नकार देणाऱ्याला तो राष्ट्राभिमान म्हणून मिरवता येतो.

दोन्ही अंगणांतली विसंगती

परंतु ऑस्ट्रेलियाची खरी अडचण शब्दांची नव्हती, भूतकाळाची होती. २००२ मध्ये बालीत झालेल्या बॉम्बस्फोटांत २०२ माणसे मेली. त्यांत ८८ ऑस्ट्रेलियन होते. या स्फोटांबद्दल तिघांना नोव्हेंबर २००८ मध्ये इंडोनेशियाने गोळ्या घातल्या. मृत्युदंडाला तत्त्वतः विरोध असल्याचे सांगणाऱ्या ऑस्ट्रेलियाने त्या वेळी दयेसाठी आटापिटा केला नाही. देशाचा संताप समजण्यासारखा होता. पण तत्त्वाची परीक्षा संतापाच्या क्षणीच होते. आपले नागरिक मारणाऱ्यांच्या वेळी जे तत्त्व गप्प बसले, ते आपले नागरिक मरणार म्हटल्यावर बोलू लागले, तर ऐकणाऱ्याला त्यात केवळ आपपरभाव दिसणार.

हाच आरसा इंडोनेशियासमोरही धरावा लागतो. चॅन आणि सुकुमारन यांच्या मृत्यूच्या आधीच्या पंधरवड्यात सौदी अरेबियाने घरकामासाठी गेलेल्या दोन इंडोनेशियन महिलांचा शिरच्छेद केला. पूर्वसूचनाही दिली नाही, म्हणून इंडोनेशियाने निषेध नोंदवला आणि तो योग्यच होता. त्याआधी २०१४ मध्ये अशाच एका महिलेचा जीव वाचवण्यासाठी सत्तर लाख रियाल एवढा ‘रक्तपैसा’ इंडोनेशियाकडून मोजण्यात आला होता. म्हणजे परदेशात आपल्या नागरिकाचे प्राण मोलाचे आणि आपल्या देशात परदेशी नागरिकाचे प्राण हा सार्वभौमत्वाचा प्रश्न! जानेवारी २०१५ मधील शिक्षांनंतर ब्राझील आणि नेदरलँड्स यांनी, तर एप्रिलनंतर ऑस्ट्रेलियाने आपले राजदूत माघारी बोलावले. राजदूत काही काळाने परतले. गेलेली माणसे परतली नाहीत.

जाळ्यात कोण सापडते?

या शिक्षेच्या बाजूने नेहमी दिला जाणारा युक्तिवाद जरबेचा असतो. तो खरा असायचा, तर जाळ्यात मोठे मासे सापडायला हवेत. सापडतात ते बहुधा कर्जबाजारी, बेरोजगार, भोळे किंवा झटपट पैशाला भुललेले वाहक. सिंगापूरने २ डिसेंबर २००५ रोजी फाशी दिलेला पंचवीस वर्षांचा ऑस्ट्रेलियन तरुण थायलंडमधील निर्वासित छावणीत जन्मलेला होता; भावाचे कर्ज फेडण्यासाठी त्याने चारशे ग्रॅमच्या आसपास हेरॉईन नेले होते. फाशीपूर्वी त्याच्या आईला त्याला मिठी मारू दिली गेली नाही, केवळ हात हातात घेण्याची परवानगी मिळाली. चॅन आणि सुकुमारन वाहकांच्या वरच्या पायरीवर होते, हे खरे. पण त्यांना माल पुरवणारे आणि तो विकून गब्बर होणारे त्या रात्री नुसाकंबंगनवर नव्हते.

त्या रात्री ज्यांना गोळ्या घातल्या जाणार होत्या, त्यांत फिलिपीन्सची एक गरीब महिलाही होती. नोकरीच्या आमिषाने आपल्या हाती सामानाची बॅग देण्यात आली, असे ती सांगत होती. तिला पाठवणारी महिला नेमकी आदल्या दिवशी फिलिपीन्सच्या पोलिसांना शरण आली आणि शिक्षा ऐनवेळी थांबली. ती डिसेंबर २०२४ मध्ये मायदेशी पोहोचली. एका दिवसाचा उशीर झाला असता, तर तिची बाजू ऐकण्यासारखी होती, हे तिच्या मृत्यूनंतर कळले असते.

हे आपल्यापासून फार दूरचे आहे, असे समजण्याचे कारण नाही. मुंबईचे एक जोडपे २०१९ मध्ये कतारला सहलीसाठी गेले असता दोहा विमानतळावर त्यांच्या सामानात चार किलोंच्या आसपास चरस सापडले. ते पुडके नात्यातल्याच एका स्त्रीने विश्वासाने सोपवले होते. दोघांना दहा वर्षांची शिक्षा झाली; भारतातील तपासातून कट उघड झाल्यावर २०२१ मध्ये ते सुटले. गुन्हा कतारमध्ये घडला होता, म्हणून चूक दुरुस्त करता आली. तोच माल तितक्याच अजाणतेपणे सिंगापूरला नेला असता तर? तेथे ठराविक वजनापुढे माल बाळगणाऱ्यालाच आपण तस्कर नाही, आपल्याला ठाऊक नव्हते, हे सिद्ध करावे लागते. हेरॉईनच्या बाबतीत मृत्युदंडाची मर्यादा केवळ पंधरा ग्रॅमपुढे सुरू होते. या कडकपणाला अनेक दशके लोटल्यानंतरही सिंगापूरने २०२२ या एका वर्षात अकरा जणांना फाशी दिली आणि ते सर्व अमली पदार्थांच्या गुन्ह्यातले होते. जरब पूर्ण बसली असती, तर वाहकांची रांग एव्हाना संपायला हवी होती.

मुंबईचा निकाल आणि आपली भूमिका

भारताचे स्थान या वादात नेमके कोठे आहे? अमली पदार्थविरोधी कायदा १९८५ चा. त्यात १९८९ मध्ये घातलेल्या कलम ३१-अ नुसार ठराविक प्रमाणापुढील गुन्हा दुसऱ्यांदा करणाऱ्याला मृत्युदंड सक्तीचा झाला. हेरॉईनसाठी ते प्रमाण एक किलो होते. ही सक्ती मुंबई उच्च न्यायालयाने जून २०११ मध्ये अमान्य केली. न्यायाधीशाला परिस्थिती तपासण्याची मुभाच न ठेवणारी शिक्षा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ शी विसंगत आहे, तेव्हा मृत्युदंड देणे बंधनकारक नसून न्यायालयाच्या विवेकाधीन मानावे, असा तो निकाल. २०१४ मध्ये संसदेने कायदाच तसा बदलला. मृत्युदंड मात्र कागदावर राहिला.

आणि परदेशात? इंडोनेशियाने ऑगस्ट २००४ मध्ये एका वृद्ध भारतीयाला तस्करीबद्दल गोळ्या घातल्या, तेव्हा आपल्याकडे फारशी खळबळ उडाली नाही. जुलै २०१६ मध्ये पंजाबमधील एकाची वेळ आली, तेव्हा परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांनी जातीने लक्ष घातले आणि त्याची शिक्षा शेवटच्या तासांत थांबली. एप्रिल २०२५ मध्ये तमिळनाडूच्या तिघांना तेथील न्यायालयाने मृत्युदंड सुनावला आणि प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत आले. अशा प्रत्येक वेळी सरकारने नागरिकाच्या पाठीशी उभे राहिलेच पाहिजे. पण संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत मृत्युदंड स्थगित करण्याचा ठराव येतो, तेव्हा भारत विरोधात मत देतो आणि शिक्षा ठरवणे हा प्रत्येक देशाचा सार्वभौम अधिकार असल्याचे सांगतो. विडोडो यांनी ऑस्ट्रेलियाला दिलेले उत्तरही हेच होते! ते उद्या आपल्या राजदूताच्या हाती परत दिले गेले, तर आपल्याजवळ प्रतिउत्तर काय?

नागरी आणि राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराने मृत्युदंड ‘अत्यंत गंभीर’ गुन्ह्यांपुरता मर्यादित ठेवला आहे. त्यात अमली पदार्थांचे गुन्हे बसत नाहीत, असे त्या कराराच्या मानवी हक्क समितीने २०१८ मध्ये स्पष्ट केले. भारताने हा करार १९७९ मध्ये आणि इंडोनेशियाने २००६ मध्ये स्वीकारला. मलेशियाने जुलै २०२३ पासून मृत्युदंडाची सक्ती रद्द केली. इंडोनेशियाने २०२२ मध्ये संमत केलेल्या नव्या दंडसंहितेत मृत्युदंडाच्या कैद्याला दहा वर्षांचा अवधी ठेवला आहे. त्या काळात वर्तन सुधारले, तर शिक्षा जन्मठेपेवर येऊ शकते.

चॅन आणि सुकुमारन अटकेनंतर दहा वर्षे जगले. तुरुंगात सुकुमारन चित्रकार झाला आणि इतर कैद्यांना चित्रकला शिकवू लागला. चॅन धर्मोपदेशक झाला. नव्या संहितेला जो बदल अपेक्षित आहे, तो या दोघांनी घडवून दाखवला होता. संहिता तेवढी उशिरा आली. तस्करीला कठोर शिक्षा हवीच, याबद्दल दुमत नाही. परंतु आपल्या माणसासाठी परक्या दारात दया मागायची असेल, तर ती आधी आपल्या कायद्यात, आपल्या पोलिसांच्या कपाटात आणि परक्याच्या वेळच्या आपल्या वागण्यात शिल्लक असली पाहिजे. नाहीतर ज्या दिवशी तिची खरी गरज पडेल, त्या दिवशी आपला शब्द ऐकून घेण्यास कोणीच बांधील असणार नाही.