आधी कांगारू बाजूला करा, मग फोटो काढा

आमच्याकडे टीव्हीच्या वरच्या भिंतीवर एक फोटो होता. लाल माती, डांबरी रस्ता आणि त्याच्या कडेवरून नुकताच उठलेला वेज-टेल्ड ईगल.. पंख पूर्ण उघडलेले, नख्या जमिनीपासून जेमतेम हातभर वर. घरी येणारा प्रत्येक जण विचारायचा, "कुठे मिळाला रे हा?" मग मी लेन्स, शटर स्पीड वगैरे सगळं रंगवून सांगायचो. एक गोष्ट मात्र गाळायचो. आज तीच सांगतो.

आधी थोडी पक्ष्याची ओळख. वेज-टेल्ड ईगल, इथल्या लोकांचा लाडका 'वेजी', हा ऑस्ट्रेलियातला सगळ्यात मोठा शिकारी पक्षी. पंख पसरले की सव्वादोन मीटरपर्यंत भरतात. मादी नराहून मोठी, कधीकधी पाच किलोच्याही वर. शेपटी पाचरीसारखी, त्यामुळे उंच उडत असला तरी खालून लगेच ओळखू येतो. लहानपणी रंग तांबूस-सोनेरी असतो आणि वयाबरोबर गडद होत जातो. पार काळा दिसला तर समजायचं, हा जुना गडी!

आता गंमत बघा. एवढा रुबाबदार पक्षी, पण तो हमखास दिसतो कुठे? तर हायवेवर, मेलेल्या कांगारूपाशी. न्यू साउथ वेल्समध्ये विलकॅनिया ते ब्रोकन हिल हा बॅरियर हायवेचा साधारण १९५ किलोमीटरचा पट्टा आहे. वाटेत म्हणावं असं गाव नाही, वेगमर्यादा ताशी ११०. रात्री कांगारू गाड्यांना धडकून मरतात आणि उजाडलं की कावळे आणि गरुड हजर. म्हणजे फोटोग्राफरसाठी आयती सोय.. आणि नेमका तिथेच सगळा घोळ आहे.

त्या सकाळी आम्हाला असाच एक वेजी दिसला. पोटभर खाऊन कांगारूवर बसलेला. मी गाडी थांबवली, खिडकीतून दहा-बारा फोटो काढले. छान आले होते. पण मला हवा होता 'टेक-ऑफ'! बायको म्हणाली, "अरे, जाऊ दे की त्याला. जेवतोय बिचारा." मी कसला ऐकतोय! दार उघडून कॅमेरा डोळ्याला लावून त्याच्याकडे चालत गेलो. तो उठला. मी बटण दाबून धरलं.

व्ह्यूफाइंडरमध्ये फक्त गरुड दिसत होता. समोरून येणारी रोड ट्रेन दिसत नव्हती.

हॉर्न वाजला, धुळीचा लोट आला. ट्रकच्या काचेवरून किती अंतराने तो निसटला ते मला माहीत नाही. बायकोने पाहिलं, तिने नंतर दिवसभर त्यावर बोलायचं टाळलं. भिंतीवरचा फोटो त्याच्या सेकंदभर आधीचा.

घरी आल्यावर मी जरा हिशेब मांडला (सवयच वाईट!). जड पक्ष्याला उठायला समोरून वारा लागतो. त्या दिवशी वारा रस्त्याच्या पलीकडून येत होता, म्हणजे त्याला रस्ता ओलांडूनच उठावं लागणार. त्यात पोट भरलेलं. आता गाडीचं बघा. ११० म्हणजे सेकंदाला ३० मीटर. ब्रेकवर पाय जाईपर्यंत दीड सेकंद धरला तर ४५ मीटर तिथेच गेले. कोरड्या रस्त्यावर गाडी पूर्ण थांबेपर्यंत शंभरच्या वर. ही साध्या कारची गोष्ट, लादलेल्या ट्रकचा तर विचारच नको. आणि 'एवढा मोठा पक्षी आहे, उडेल की वेळेवर' असं आपण कावळ्यावरून ठरवतो. कावळा उडतो. वेजीला वेळ लागतो.

या पक्ष्याने माणसाचं आधीच पुष्कळ सोसलंय. मेंढ्यांची कोकरं पळवतो म्हणून सरकार त्याला मारायला बक्षीस देत होतं. एकट्या क्वीन्सलँडमध्ये १९५१ ते १९६६ या काळात दीड लाखाहून जास्त गरुडांवर बक्षीस दिलं गेलं. पुढे अभ्यासात दिसलं की त्याच्या खाण्यात सशांचाच भरणा मोठा, आणि हे ससे तर माणसानेच बाहेरून आणलेले. आज त्याला कायद्याचं संरक्षण आहे. तरी २०१८ मध्ये व्हिक्टोरियात चारशेहून जास्त गरुडांना विष घातल्याबद्दल एका शेतमजुराला तुरुंगात जावं लागलं. ती माणसं त्याचा राग करत होती. मी तर त्याच्या प्रेमात होतो, आणि तरीही त्याला ट्रकखाली घालायला निघालो होतो!

म्हणून माझं स्पष्ट मत सांगतो. मुद्दाम उठवून काढलेला टेक-ऑफचा फोटो हा फोटो नाही, आगाऊपणा आहे. रस्त्यावर काही पडलेलं दिसलं की वेग आधी कमी करा, गरुड दिसायची वाट बघू नका. जागा सुरक्षित असेल, दोन्ही बाजूंनी दूरपर्यंत मोकळं दिसत असेल, तर मेलेला कांगारू ओढून रस्त्यापासून चांगला लांब न्या. मादी असेल तर पिशवीत पिल्लू जिवंत नाही ना, तेही बघा. मग गाडी दूर नेऊन इंजिन बंद करा आणि गाडीतच बसा. माणूस बाहेर पडला की तो बिथरतो, नुसत्या गाडीला तेवढा भीत नाही. घरटं दिसलं तर सरळ पुढे जा, त्रास झाला तर ते घरटं सोडूनही देतात.

कोणी म्हणेल, कांगारू हलवणं म्हणजे आमिष लावणंच की! मला नाही पटत. मी डबा उघडून त्याला खाऊ घालत नाहीये. त्याचं ताट फक्त ट्रकच्या वाटेतून उचलून बाजूला ठेवतोय. आणि कोणी म्हणेल, एवढा वेळ कोणाला आहे? अहो, हजार किलोमीटर गाडी हाकत आलात ना त्याच्यासाठी? मग अर्धा तास जास्त!

पुढच्या वेळी आम्ही तसंच केलं. चाळीस मिनिटं बसलो. तो आला, आमच्याकडे पाठ करून बसला आणि निवांत जेवला. मान जरा तिरकी, शेपूट धुळीत, मागे झुडपं. उडाला तोही रस्त्याच्या उलट्या बाजूला, आम्ही न उठवता.

आता टीव्हीच्या वर तो फोटो आहे. अजून एकानेही विचारलेलं नाही, कुठे मिळाला म्हणून. बायकोला मात्र आवडतो.